बांडीची रेघ

मुकादमाला जगात फार थोडी माणसं आवडायची, आणि जी आवडायची त्यांच्याविषयीही त्याचं मत काही बरं नव्हतं. जनावरांचे डॉक्टर म्हणजे पुस्तकी पोपट. नवे गुराखी म्हणजे पाय फुटलेली बुजगावणी. आणि ज्यांच्या मालकीचं हे आठशे जनावरांचं कुरण होतं ते धाकटे मालक तर उंटावरून शेळ्या हाकण्यासाठीच जन्माला आलेले. शहरात शिकून आलेला हा माणूस गाडीतून उतरण्याआधी खाली वाकून शेण कुठे आहे ते बघायचा आणि मगच पाय टाकायचा. "शेणाला भिणाऱ्यानं दुधाचं नाव काढू नये," असं मुकादम म्हणायचा. अर्थात मालक ऐकण्याच्या अंतरावर नसताना.

सगळ्या जगाला नावं ठेवण्याचा मक्ता याला कुणी दिला, असं विचारायची सोय नव्हती. विचारलंच तर उत्तर ठरलेलं होतं. "एकतीस वर्षं झाली या कुरणावर. माझ्या हातचं फाटक एकदा तरी उघडं राहिलेलं दाखवा, मिशी उतरवतो." कुणी दाखवू शकत नसे. कुंपण मोडतं ते वाऱ्यानं, तार तुटते ती गंजून, पण फाटक उघडं राहतं ते माणसाच्या हातून, आणि कुरणावर त्याला माफी नसते. या एका बाबतीत मुकादमाचं नाव धुतल्या तांदळासारखं स्वच्छ होतं. त्याचा मान, त्याचा आवाज, दुसऱ्याकडे बघताना वर चढणारं त्याचं नाक, सगळं त्या एका नावावर उभं होतं.

घरही या तुच्छतेतून सुटलं नव्हतं. त्याची एकुलती एक लेक चित्रं काढायची. गायीला गाय आणि घोड्याला घोडा म्हणता येईल अशी काढली असती, तर त्यानं ती भिंतीला लावलीही असती. पण ही पोरगी लहानपणापासून पाण्याच्या उंच टाकीवर चढून बसायची आणि खाली चाललेल्या कळपाकडे बघत नुसत्या रेघा मारायची. तो तिला रेघोटी म्हणायचा, आणि त्याचं ऐकून सगळं कुरण म्हणायला लागलं. ती मोठी झाली, शहरात गेली, तिच्या रेघांना लोक चित्र म्हणू लागले, पेपरात फोटो आला, तरी बापासाठी ती रेघोटीच राहिली. "वासरात लंगडी गाय शहाणी," एवढंच तो त्या फोटोवर बोलला आणि त्याच पेपरात खिळे गुंडाळून ठेवले.

म्हणून त्या गुरुवारी म्हातारा पाणक्या, म्हणजे कुरणावरचे हौद भरणारा, बादली खाली ठेवून बातमी सांगायला आला, तेव्हा मुकादमाला हसूच आलं.

"मुकादम, तुमच्या लेकीचं चित्र आलंय नव्या ऑफिसात. मालकीणबाईंनी शहरातून आणवलंय. भलंमोठं आहे. रविवारी भिंतीवर चढवणार, आपल्या सगळ्यांना बोलावलंय."

"चित्र?" मुकादम म्हणाला. "जमिनीवर कोळसा सांडला असेल, त्यावर कागद घासला असेल. चला, बघू तरी मालकांना कितपत डोळे आहेत."

नव्या ऑफिसची ती भिंत म्हणजे कुरणाचं तोंडच होतं. रोज सकाळी प्रत्येक गुराखी किल्ल्या आणि दिवसाचं काम घ्यायला तिथे उभा राहायचा, रोज संध्याकाळी किल्ल्या परत करायला. पलंगाएवढा कागद एका फळीवर ताणून भिंतीशी टेकवलेला होता. वरची काच शहरातून यायची होती, ती अजून आली नव्हती. पाणक्या हौदाकडे निघून गेला होता आणि मुकादम एकटाच होता. त्यानं कमरेवर हात ठेवले आणि दोनचार चांगल्या शिव्या मनात तयार केल्या. काळ्या रेघा होत्या, जाड, बारीक, तुटक, एकमेकींत घुसलेल्या. डोकं नाही, शिंग नाही, शेपटी नाही. "हे जनावर म्हणे," तो मोठ्यानं म्हणाला.

मग त्याला लंगडी दिसली.

लंगडी गाय मरून पंधरा वर्षं झाली होती, पण तिची चाल तो झोपेतही ओळखला असता. तीन लांब, एक आखूड, पुन्हा तीन लांब. ती रेघ तशीच चालली होती. तिच्या पुढे म्होरक्या गायीची सरळ, हट्टी रेघ होती. कुंपणाला अंग घासत जाणारी ती जाड रेघ वळूची. मुकादमाचे हात कमरेवरून खाली आले. एकदा एक जनावर ओळखू आलं की बाकीची आपोआप ओळखू येतात. टाकीवरून खाली बघितल्यावर कळप दिसतो तसा तो दिसत होता. सगळ्या रेघा एका ठिकाणी दाटीवाटीनं अरुंद होत होत्या आणि पुढे गेल्यावर मोकळ्या फाकल्या होत्या. ती अरुंद जागा म्हणजे पूर्वेचं फाटक. पुढचा दाट पट्टा लसूणघासाचा. आणि त्या घासात काही रेघा मध्येच थांबल्या होत्या, प्रत्येकीच्या टोकाला एक काळी गाठ. त्यानं मोजल्या. नऊ.

आता इथे वाचकाला सांगितलं पाहिजे की वीस वर्षांपूर्वी काय झालं होतं, कारण मुकादम ते कधीच कुणाला सांगणार नाही.

तेव्हा थोरले मालक होते. एका दवाच्या सकाळी बांडी नावाची काळ्यावर पांढरे पट्टे असलेली गाय पूर्वेच्या फाटकाबाहेर झुडपात व्यायली. ताजी व्यालेली गाय हाकून येत नाही, अंगावर येते. मुकादमाची त्यावर स्वतःची एक रीत होती आणि तिचा त्याला फार अभिमान होता. फाटक हातभर उघडं ठेवायचं, लांब जाऊन उभं राहायचं, आणि गाय वासराला घेऊन आपल्या पायांनी आत येईपर्यंत वाट बघायची. दुसरा कुणी असं करत नसे, कुणाला तेवढा धीर नव्हता. "बाकीचे गायी हाकतात, मी बोलावतो," असं तो नव्या गुराख्यांना अजूनही ऐकवायचा. त्या सकाळी त्यानं फाटक हातभर उघडं ठेवलं, आणि नेमके तेव्हाच थोरल्या मालकांनी पाहुण्यांना नवा वळू दाखवायला त्याला पुढच्या अंगणात बोलावलं. वळूची आणि स्वतःची तारीफ करण्यात त्याचा अर्धा तास गेला. तेवढ्यात बांडी आत आली, आणि कळप बाहेर गेला.

दवानं भिजलेला कोवळा लसूणघास उपाशी जनावरांनी खाल्ला की पोटं ढोलासारखी फुगतात. मुकादम धावला, डाव्या कुशीत सुरी खुपसून खुपसून त्यानं वारा काढला, तीसपेक्षा जास्त जनावरं वाचवली. नऊ मेली. दुपारी मालकांनी विचारलं, फाटक कुणी उघडं ठेवलं? रीत अशी होती की शेवटी येणाऱ्यानं फाटक लावायचं, आणि कळपाच्या शेवटी नेहमी चालणारा एक तोतरा गुराखी होता. त्याला सगळे शेपूट म्हणायचे. "शेपूटच होता शेवटी," मुकादम म्हणाला. शेपटाचं तोंड उघडलं, ओठ थरथरले, मान हलली, पण शब्द काही बाहेर पडेना. मालक वैतागले आणि मुकादमाला म्हणाले, "तुम्हीच सांगा हा काय म्हणतोय." मुकादमानं सांगितलं. त्याच संध्याकाळी शेपूट आपली वळकटी घेऊन गेला. मुकादमाला मात्र जनावरं वाचवल्याबद्दल मालकांनी सगळ्यांसमोर पाठीवर थाप दिली.

सुरुवातीला ते त्याच्या मनाला खायचं. मग त्यानं शेपटाला नावं ठेवायला सुरुवात केली. दोन अक्षरं धड बोलता येत नाहीत, तो फाटक काय लावणार, असं म्हणता म्हणता त्याला ते खरंच वाटू लागलं. ज्याचं आपण वाटोळं केलं त्याचा तिरस्कार करणं फार सोपं असतं, आणि त्यानंतर बाकी जगाचा करायलाही हात बसतो.

आता तो या कागदापुढे उभा होता. सगळ्या रेघा फाटकातून बाहेर जात होत्या, तेवढं असतं तरी चाललं असतं. त्यावरून कुणाचं नाव निघत नव्हतं. पण एक बोटभर लांबीची रेघ उलटी, आत येत होती, आणि तिला चिकटून नखाएवढी दुसरी. बांडी आणि तिचं वासरू. ज्यानं एकदा जरी मुकादमाची बढाई ऐकली असेल, त्या कुठल्याही गुराख्याला ती रेघ सांगणार होती की फाटक कुणी आणि कशासाठी उघडं ठेवलं होतं. आणि मुकादमाची बढाई ऐकली नाही असा गुराखी कुरणावर नव्हता.

त्याच दुपारी तो मालकांकडे गेला.

"मालक, लहान तोंडी मोठा घास, पण ते चित्र लावू नका. लोक हसतील. माझीच पोर आहे म्हणून मी बोलू शकतो. त्याला ना शेंडा ना बुडखा."

मालक खुर्चीत मागे रेलले. "मुकादम, तुम्हाला यातलं कळणार नाही. हे बघायला नजर लागते."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मुकादमाला त्याच्याच भाषेत उत्तर दिलं होतं. आणि मालकीणबाई तर त्याच्याकडे अशी दया आल्यासारखं बघत होत्या की त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या म्हणाल्या, "अहो, यात केवढा मोकळेपणा आहे! बंधनं तोडून धावणारी जनावरं. मला तर बघताना अंगावर काटा येतो." मुकादमाच्याही अंगावर काटा आला होता, पण त्याचं कारण सांगता येण्यासारखं नव्हतं. तो घरी आला आणि चुलीपाशी बसून राहिला.

लेक शनिवारी सकाळी आली. बॅग कोपऱ्यात टाकून तिनं स्वतःच चहा टाकला, कारण बायको गेल्यापासून या घरात पाहुण्याला चहा विचारायची पद्धत उरली नव्हती. मुकादमानं तिला दोन घोट घेऊ दिले. मग त्याला राहवलं नाही.

"त्या कागदात आहे काय, ते तरी कळू दे."

"काही नाही, बाबा. रेघा आहेत. तुम्हीच तर म्हणता."

"मग ते इथं लावायचं कशाला?"

"काही नाहीच तर लागलं काय अन् न लागलं काय?"

याला म्हणतात तोंड दाबून बुक्क्यांचा मार. जन्मभर ज्या रेघांना तो कचरा म्हणत आला, त्यांत काहीतरी आहे हे कबूल केल्याशिवाय त्यांना विरोध करता येत नव्हता. त्यानं दुसरीकडून शिरायचं ठरवलं.

"गुराखी लोक येतात तिथे. उगाच फाटकाबिटकाचा विषय निघेल."

लेकीनं कप खाली ठेवला. "तुम्हाला फाटक दिसलं?"

मुकादम चुलीतली राख उकरू लागला.

"शहरात शेकडो लोकांनी बघितलं ते चित्र. कुणाला वादळ दिसलं, कुणाला समुद्र दिसला. एका बाईंना त्यांचा घटस्फोट दिसला. फाटक दोघांनाच दिसलं. एक तुम्ही."

"दुसरा कोण?"

"शेपूटकाका."

ते नाव या घरात वीस वर्षांत तिरस्काराशिवाय कुणी उच्चारलं नव्हतं. लेकीनं मात्र ते शेजाऱ्याचं नाव घ्यावं तसं घेतलं. तो आता शहरात एका गोदामावर पहारेकरी होता. तिनं त्याला शोधून काढलं होतं, आणि चित्र कुणालाही दाखवण्याआधी गुंडाळून त्याच्या केबिनमध्ये नेलं होतं.

"टेबलावर मावेना, म्हणून जमिनीवर पसरलं. काका गुडघ्यावर बसले. एकेका जनावरावर बोट ठेवत गेले, नावं घेत गेले. मग फाटकापाशी बोट थांबलं आणि मला म्हणाले, बांडी कुठाय? तेवढं विचारायलाही त्यांना किती वेळ लागला, बाबा. मी थांबले. थांबलं की ते बोलतात. मला बांडी आठवतच नव्हती. एवढी जनावरं बाहेर पळत असताना एक आत येत होती, हे मी विसरलेच होते. त्यांनी जागा दाखवली, मी रेघ मारली."

मुकादमानं राख उकरणं थांबवलं. "अजून काय म्हणाला?"

"काही नाही. तुमची तब्येत विचारली."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला मुकादमाकडे उत्तर होतं.

"म्हणजे आता तू उद्या सगळ्यांपुढे सांगणार."

"मी?" लेक त्याच्याकडे पहिल्यांदा नीट बघत म्हणाली. "मी अकरा वर्षांची होते. सगळा वेळ टाकीवर बसले होते. एकानं तरी येऊन विचारलं, पोरी, तुला वरून काय दिसलं? तुम्हीही नाही विचारलंत. मी तेव्हा बोलले नाही, आता कशाला बोलू? मी चित्र काढते. ते काढून झालंय."

शहाणा माणूस इथे थांबला असता. लेक बोलणार नव्हती, शेपूट येणार नव्हता, मालकांना जन्मात काही कळणार नव्हतं, आणि गुराख्यांना त्या गर्दीत एक बोटभर रेघ कदाचित दिसलीही नसती. पण मुकादमानं आयुष्यभर कुणावर विश्वास ठेवला नव्हता तो आजच कसा ठेवणार? चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं, ही रेघोटी बापाला मुद्दाम उघड्यावर पाडायला आली आहे. आणि शेवटी रेघ ती केवढी! कोळसा तर आहे, फुंकर मारली तरी उडेल.

भर दुपारी सगळे जेवून सावलीला आडवे झाले तेव्हा तो ऑफिसात गेला. किल्ली त्याच्याकडे असायचीच. आधी त्यानं सदऱ्याच्या बाहीनं रेघ झटकली. ती गेली नाही, नुसती पसरली. मग त्याच्या हातानं ते केलं जे तो दिवसातून पन्नास वेळा करायचा. जनावराच्या कानातल्या बिल्ल्यावर शेण वाळलं आणि नंबर दिसेनासा झाला, की गुराखी अंगठ्याला थुंकी लावतो आणि बिल्ला घासतो. मुकादमानं अंगठ्याला थुंकी लावली आणि बांडी घासली. ओल्या अंगठ्याखाली कोळसा चिखल झाला. त्यानं आणखी घासलं. रेघ गेली, हे खरं. तिच्या जागी तळहाताएवढा राखाडी डाग आला. तो दोन पावलं मागे सरकला आणि स्वतःलाच म्हणाला, "एवढ्या घाणीत कुणाला समजणार आहे?"

रविवारी ऑफिस भरलं. मालकांचे पाचसहा पाहुणे पुढे खुर्च्यांवर, गुराखी धुतलेले कपडे घालून मागे उभे. मुकादमाला चित्रकर्तीचा बाप म्हणून पुढे खुर्ची दिली होती. मालकांनी भाषण केलं, त्यात "परंपरा" हा शब्द बराच वेळा आला. मग मालकीणबाई उठल्या आणि छडी घेऊन चित्रातला मोकळेपणा दाखवू लागल्या. फाटकापाशी छडी थांबली. "आणि हे बघा, इतक्या गतीच्या मधोमध हे धुकं! इथे मला नेहमी निःशब्द व्हायला होतं," असं त्या म्हणाल्या आणि पुढे पाच मिनिटं बोलल्या. पाहुण्यांनी माना डोलावल्या. मुकादमाला मनातल्या मनात हसू आलं. किती ही गाढवं, असं त्याला वाटलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

लेक भिंतीपाशी उभी होती. तिनं डाग बघितला. ती जवळ गेली, वाकली, पुन्हा सरळ झाली.

"आता तुम्ही पण या पुढे, लाजू नका," मालक गुराख्यांना म्हणाले. ते आधी घुटमळले. मग पाणक्या पुढे आला, चष्मा कपाळावर चढवून त्यानं कागदाला नाक लावलं, आणि ओरडला, "अरे, ही लंगडी!"

मग काय, सगळेच घुसले. "हा वळू बघ, कुंपण सोडत नाही." "ही म्होरकी. बघ कशी, कुणाच्या बापाचं ऐकत नाही." जुन्या तिघाचौघांनी जनावरं ओळखली, नव्यांना चाली समजावून सांगितल्या, आणि मालकीणबाईंची छडी बाजूला पडली. पाहुणे थक्क होऊन बघत राहिले. लेक हसत होती. मुकादमानं तिला असं हसताना कधी बघितलं होतं ते त्याला आठवेना. मग कुणाचं तरी बोट घासातल्या गाठींवर गेलं, आणि आवाज एकदम खाली आले. "नऊ," कुणीतरी म्हणालं. "ती सकाळ आहे रे ही."

पाणक्याचं बोट मागे मागे येत फाटकाशी पोचलं. तिथे ते डागावर थांबलं. त्यानं चष्मा खाली घेतला. डागाच्या मधोमध अंगठ्याची गोल घासणी अगदी स्वच्छ उमटली होती.

"हे काय? इथं कुणी बिल्ला पुसल्यासारखं पुसलंय." तो वळला. "रेघोटीताई, इथं काय होतं?"

लेकीनं बापाकडे बघितलंही नाही. तिला सरळ प्रश्न विचारला गेला होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

"एक गाय होती, काका. आत येणारी. बरोबर वासरू."

गुराखी एकमेकांकडे बघत नव्हते. ते चित्राकडेही बघत नव्हते. सगळे एकाच खुर्चीकडे बघत होते.

"अरेरे, पुसलं गेलं का?" मालकीणबाई म्हणाल्या. आत्ताच धुक्यावर पाच मिनिटं बोलल्या होत्या, ते त्या विसरल्या होत्या. "मग दुरुस्त करून दे ना गं. काच यायच्या आत."

"नको, बाईसाहेब. राहू दे," लेक म्हणाली. "तेवढं बाबांनी काढलंय."

"काय सांगतेस!" मालक आनंदानं उठले. "मुकादम, अहो, छुपे रुस्तम निघालात की! बापलेकीचं चित्र! वा!" आणि ते टाळ्या वाजवू लागले. मालकीणबाईंनी वाजवल्या, पाहुण्यांनी वाजवल्या. मागे उभ्या असलेल्यांपैकी एकाचेही हात हलले नाहीत. मुकादम उठला, कारण आपल्यासाठी टाळ्या वाजत असताना बसून राहता येत नाही, आणि उभं राहिल्यावर काय करायचं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं मान खाली घालून नमस्कार केला. जन्मभर ज्या लोकांना मूर्ख म्हटलं, त्यांनीच तेवढी त्याची बाजू घेतली होती.

लेक दुपारच्या गाडीनं गेली. जाताना दारात उभी राहून म्हणाली, "काकांचा पत्ता पेटीवर ठेवलाय." त्यानं तो कागद उचलला नाही, फेकलाही नाही.

सोमवारी सकाळी मुकादमानं नेहमीसारखा आवाज लावला. एकाला आळशी म्हणाला, दुसऱ्याला त्याच्या चालीवरून बोलला. उलट उत्तर कुणी दिलं नाही, काम जसं सांगितलं तसं केलं. त्याला वाटलं, चला, निभावलं. कळप पूर्वेच्या फाटकातून बाहेर काढला, शेवटचं जनावर गेलं, त्यानं फाटक ओढलं, कडी घातली, तारेचा वेढा दिला आणि वळून चालू लागला.

मागे कडी वाजली.

त्यानं मान वळवली. सगळ्यात नवा गुराखी, ज्याला येऊन दोन महिने झाले नव्हते, कळप सोडून मागे आला होता. त्यानं कडी हलवून बघितली, तारेचा वेढा ओढून बघितला, आणि मुकादमाकडे न बघता परत निघाला. मुकादमाच्या तोंडाशी शिवी आली. तेवढ्यात हौदापाशी बादली ठेवून पाणक्या आला. त्यानंही कडी हलवली.

"मी लावलंय ना?" मुकादम म्हणाला.

"हो," पाणक्या म्हणाला. "बघितलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी वेगळा माणूस मागे आला, तिसऱ्या दिवशी आणखी वेगळा. त्यांनी आपसात काही ठरवलं असेल असंही नाही. कुणी त्याला एक शब्द बोलत नाही. सगळे त्याला अजून मुकादमच म्हणतात. तो फाटक लावतो, पुढे चालू लागतो, आणि रोज त्याच्या पाठीमागे कुणीतरी ते पुन्हा बघून घेतं.